चाकाच्या खुर्चीचा धनी कोण?



वसंतातील या व्याख्यानांना आपण दरवर्षी येता आणि राजघराण्यांचे, लढायांचे, संतांचे इतिहास ऐकता. आज आम्ही एका खुर्चीचा इतिहास सांगणार आहोत. विजेची खुर्ची म्हटले की अमेरिकेतील देहदंडाची खुर्ची आठवते. आमचा विषय ती खुर्ची नव्हे. ज्याचे पाय गेले, आणि पुष्कळदा हातही गेले, अशा माणसाला बॅटरी आणि मोटर यांच्या जोरावर घराबाहेर नेणारी ती ही चाकाची खुर्ची.

आम्ही काही इंजिनिअर नव्हे. आमचे शिक्षण रात्रीच्या वाचनालयात आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. युनियनच्या कामात जखमी कामगारांचे भरपाईचे अर्ज लिहिता लिहिता ध्यानात आले, की भरपाईची रक्कम ठरते तेथे प्रश्न संपत नाही, तेथून तो सुरू होतो. माणूस खाटेवरून उठणार कसा आणि दारापर्यंत जाणार कसा, हा प्रश्न. त्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि वाटेत जुन्या मोटरी, नवे कंट्रोलर, कोर्टातील दावे आणि एक कायदा इतके सगळे भेटले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

खाण, युद्ध आणि खुर्ची

आज दवाखान्यात, रेल्वे स्थानकावर जी घडीची चाकाची खुर्ची दिसते, तिचा उगम एका औद्योगिक अपघातात आहे. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाच्या अमेरिकन खाण-इंजिनिअरची पाठ खाणीतील अपघातात मोडली. त्या काळच्या खुर्च्या लाकडी, अवजड आणि घडी न होणाऱ्या. मोटारगाडीत बसायचे तर खुर्ची मागेच टाकून जावे लागे. एव्हरेस्ट आणि त्यांचे इंजिनिअर मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी १९३३ च्या सुमारास पोलादी नळ्यांची, आसनाखाली फुलीसारखी कैची असलेली, मिटता येणारी खुर्ची केली. पुढे दोघांनी तिचा कारखाना काढला. त्याच कारखान्याचे नाव आपल्याला पुढे कोर्टातही ऐकायचे आहे.

या खुर्चीला हातांचा जोर लागे. ज्याचे हातही गेले त्याचे काय, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धापर्यंत फारसा कोणी विचारलाच नव्हता. त्याचे कारण क्रूर आहे. पहिल्या महायुद्धात कण्याला इजा झालेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावत. मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग आणि अंथरुणाला खिळल्याने होणाऱ्या जखमा त्यांचा बळी घेत. दुसऱ्या युद्धाच्या सुमारास सल्फा औषधे आणि पेनिसिलीन आले. १९४४ साली इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी कण्याच्या जखमांसाठी खास विभाग उघडला. माणसे जगू लागली. जगली तेव्हा त्यांना हिंडावेसे वाटू लागले. वैद्यकाने एक प्रश्न सोडवला आणि यंत्रविद्येपुढे दुसरा मांडला.

त्या प्रश्नाला सर्वांत नेटके उत्तर कॅनडाने दिले. जॉन काउन्सेल हे कॅनडाचे सेनाधिकारी १९४२ च्या दिएप्पच्या चढाईत जायबंदी झाले. १९४५ साली त्यांनी आपल्यासारख्यांची संघटना उभी केली आणि सरकारकडे मागणी लावून धरली. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत जॉर्ज क्लाइन नावाचे कल्पक यंत्रविशारद होते. त्यांच्याकडे काम आले. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी त्यांनी जी विजेची खुर्ची सिद्ध केली, तिच्यातील दोन कल्पना आजही बहुतेक खुर्च्यांत दिसतात. पहिली, प्रत्येक मागच्या चाकाला स्वतंत्र मोटर. दुसरी, एका लहानशा दांडीने, म्हणजे जॉयस्टिकने, दोन्ही मोटरींचा ताबा. डावी मोटर जलद, उजवी मंद, की खुर्ची उजवीकडे वळली. एक पुढे, एक मागे, की जागच्या जागी गिरकी. बैलजोडी हाकणाऱ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

कॅनडात ती मोठ्या संख्येने बनवणारा कारखानदार नव्हता. म्हणून १९५५ साली कॅनडाने आपला नमुना अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याला भेट दिला, की तिकडे तरी कोणी हे काम हाती घ्यावे. हा नमुना २००५ साली मायदेशी परत गेला. सरकारी पैशाने झालेले संशोधन दुसऱ्या देशाला मोकळ्या हाताने दिले गेले, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे जे झाले ते नेमके याच्या उलट आहे.

बर्कलेचे विद्यार्थी आणि दुरुस्तीचे दुकान

पन्नाशीच्या उत्तरार्धात अमेरिकेत विजेच्या खुर्च्या कारखान्यातून विक्रीला येऊ लागल्या. त्या दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेल्या होत्या. घडीच्या खुर्चीलाच मोटरी अडकवलेल्या, आणि मोटरीचा जोर पट्ट्याने चाकाला पोचवलेला. पट्टा भिजला की घसरे. दांडीखाली साधे स्विच आणि रिले असत. दांडी पुढे केली की सगळी वीज एकदम मोटरीला, सोडली की एकदम बंद. बसणाऱ्याच्या मानेला दर वेळी हिसका.

अशा खुर्चीला रस्त्यावर आणले ते कॅलिफोर्नियातील एका तरुणाने. एड रॉबर्ट्स यांना १९५३ साली, चौदाव्या वर्षी, पोलिओ झाला. मानेखालचे बहुतेक शरीर निकामी झाले, रात्री श्वासासाठी लोखंडी फुप्फुसाचा आधार घ्यावा लागे. १९६२ साली ते बर्कलेच्या विद्यापीठात दाखल झाले आणि विद्यापीठाच्या रुग्णालयातील एका खोलीत राहू लागले. हळूहळू तेथे त्यांच्यासारखे आणखी विद्यार्थी जमले. रॉबर्ट्स यांना विजेची खुर्ची चालवणे जमणार नाही, असे आधी ठरून गेले होते. त्यांच्या बोटांना दांडी पुढे ढकलण्याचे बळ नव्हते, फक्त मागे ओढता येई. उपाय काय निघाला? दांडीची पेटी उलटी फिरवून बसवली. ओढले की खुर्ची पुढे! तज्ज्ञांचा निर्णय त्या उलट्या पेटीने रद्द केला.

या विद्यार्थ्यांनी १९७० साली विद्यापीठात स्वतःसाठी सेवा-केंद्र सुरू केले, आणि १९७२ साली गावात स्वतंत्र जीवनाचे केंद्र उघडले. अशा केंद्राकडून आपण व्याख्याने आणि पत्रके यांची अपेक्षा करू. त्यांच्या पहिल्या सेवांतच खुर्ची-दुरुस्ती होती. खुर्ची बंद पडली की माणूस कैदी होतो, हे त्यांना ठाऊक होते. कारखान्याच्या माणसाची वाट पाहायची तर आठवडे जात. म्हणून केंद्रातच पाने, सोल्डर आणि मीटर घेऊन माणसे बसली. खुर्च्या उघडल्या, वायरी बदलल्या, आसने बदलली, एका खुर्चीचे सुटे भाग दुसरीला लावले. रॉबर्ट्स यांच्या पुढच्या एका खुर्चीला तर महागड्या मोटारगाडीचे आसन बसवलेले होते. ती खुर्ची आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

१९७७ हे साल या इतिहासात दोन कारणांनी नोंदवण्याजोगे आहे. त्या वर्षी ५ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शंभराहून अधिक अपंग स्त्री-पुरुषांनी ठिय्या दिला. मागणी अशी, की १९७३ च्या कायद्यातील ५०४ क्रमांकाच्या कलमाचे नियम सरकारने सही करून अमलात आणावेत. तीन आठवड्यांहून अधिक काळ माणसे तेथे राहिली, आणि २८ एप्रिलला सही झाली. वॉशिंग्टनला त्यांचे शिष्टमंडळ गेले तेव्हा खुर्च्यांसकट माणसे वाहून न्यायला ट्रकची सोय यंत्रकामगारांच्या युनियनने केली. कामगार चळवळीतील माणूस म्हणून ही नोंद वाचताना आमची मान ताठ झाली, हे कबूल केले पाहिजे.

दुसरी घटना त्याच वर्षीची. अमेरिकेच्या न्याय खात्याने एव्हरेस्ट आणि जेनिंग्ज या कंपनीवर मक्तेदारीचा दावा लावला. आरोप असा, की बाजारावरील पकडीमुळे खुर्च्यांचे भाव चढे राहतात. दावा १९७९ साली समझोत्याने मिटला. एका जखमी खाण-इंजिनिअरच्या गरजेतून जन्मलेली कंपनी जखमी माणसांनाच महाग विकते, असा आरोप तिच्यावर यावा, ही या इतिहासातील उद्वेगजनक गोष्ट आहे.

मोटर टिकते, कंट्रोलर मरतो

आता थोडे यंत्राच्या पोटात शिरू. घाबरण्याचे कारण नाही. ज्याने सायकलचा डायनॅमो पाहिला आहे त्याला हे समजेल.

खुर्चीची जुनी मोटर म्हणजे लोखंडी नळकांडे. आत कडेला दोन किंवा चार कायमचे चुंबक, मध्ये तांब्याच्या तारेचे आर्मेचर, आणि त्याला वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश. ब्रश झिजले तर बदलता येतात. बेअरिंग गेले तर नवे बसते. आर्मेचर जळले तर आपल्याकडच्या कोणत्याही औद्योगिक गावात रिवाइंडिंगचे दुकान आहे. अशी मोटर नीट राखली तर तीस-चाळीस वर्षांनीही चालते.

कंट्रोलरचे तसे नाही. रिले गेले, ट्रान्झिस्टर आले, मग सूक्ष्म संगणक असलेल्या पेट्या आल्या. योगायोग असा, की या धंद्यातील दोन नामांकित नावे, पेनी अँड गाइल्स आणि डायनॅमिक कंट्रोल्स, ख्राइस्टचर्च नावाच्याच दोन गावांतून पुढे आली. एक इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातले, दुसरे न्यूझीलंडमधले. या पेट्यांनी हिसका घालवला. त्या वीज कमी-जास्त करतात ती अखंड चालू-बंद करून, सेकंदाला हजारो वेळा. चोवीस व्होल्टची बॅटरी निम्मा वेळ जोडली आणि निम्मा वेळ तोडली, की मोटरीला सरासरी बारा व्होल्ट मिळाल्यासारखे होते. विहिरीवरची कळ उघडझाप करून पाट बारीक ठेवावा, तसेच हे. त्यामुळे खुर्ची मुंगीच्या पावलानेही चालू शकते.

पण या पेट्या पाण्याने, धक्क्याने, वयाने मरतात. मेल्या तर त्याच जातीची पेटी बाजारात राहिलेली नसते. मग घरात पक्क्या मोटरींची खुर्ची आणि तिला हाकणारा मेंदू नाही, अशी अवस्था येते. संपूर्ण नवी खुर्ची घेण्याची ऐपत थोड्यांची. उरतो तो मार्ग म्हणजे जुन्या मोटरींना नवा कंट्रोलर जोडणे. हे काम जगभर जाणते कारागीर करीत आले आहेत, आणि त्याचे पाच-सहा नियम अनुभवाने ठरून गेले आहेत.

पहिला नियम मोटरीची जात ओळखण्याचा. कायमचे चुंबक असलेली मोटर नव्या कंट्रोलरला मानवते. पण जुन्या ढिगाऱ्यात अशाही मोटरी सापडतात, की ज्यांत चुंबकाच्या जागी तारेचीच वेटोळी असतात आणि ती आर्मेचरशी एकाच ओळीत जोडलेली असतात. अशा मोटरीच्या दोन वायरी उलटसुलट केल्या तरी ती उलटी फिरत नाही, कारण आर्मेचर आणि वेटोळी दोन्हींतील प्रवाह एकदमच उलटतो. चार डायोडचा पूल घालून वेटोळ्यातील प्रवाह एकाच दिशेने ठेवता येतो खरा. पण त्या पुलात वीज वाया जाते, आणि उतारावर कंट्रोलरने विजेने धरलेला लगाम या मोटरीत टिकत नाही. माणूस बसवायच्या खुर्चीला ती मोटर नको. हल्लीच्या ई-रिक्षांतील बिनब्रशच्या मोटरींना तीन जाड वायरी असतात. त्यांचे कुळ वेगळे, त्यांना त्यांचाच कंट्रोलर लागतो.

दुसरा नियम ब्रेकचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. आधुनिक खुर्चीच्या मोटरीवर एक ब्रेक असतो. तो स्प्रिंगच्या जोराने लागलेलाच असतो. वीज दिली की सुटतो. वीज गेली, वायर तुटली, बॅटरी संपली, की आपोआप लागतो. नवा कंट्रोलर निघण्यापूर्वी ब्रेकचे वेटोळे जागेवर आहे ना, हे तपासतो. नसेल तर दिवे लुकलुकवून सत्याग्रह करतो. जुन्या पट्ट्याच्या मोटरींना असा ब्रेक नसे. तेव्हा काही मंडळी ब्रेकच्या जागी एक रोधक जोडून कंट्रोलरला फसवतात. कंट्रोलर फसतो, उतार फसत नाही. भर चढावर बॅटरी संपली तर खुर्ची मागे घरंगळेल आणि तिच्यात हात न हलणारा माणूस असेल. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांनी ब्रेक असलेल्याच मोटरी घ्याव्यात किंवा ब्रेक बसवून घ्यावा. ब्रेकचे व्होल्टही पाहावेत. बाराचा ब्रेक चोवीसवर जळतो.

तिसरा नियम प्रवाहाचा. नवा कंट्रोलर दणकट असतो, पण जुन्या मोटरीला तेवढा प्रवाह सोसेलच असे नाही. प्रमाणाबाहेर प्रवाह गेला तर ब्रश जळतात, आणि चुंबक कायमचे दुबळे होतात. दुबळ्या चुंबकाची मोटर रिकामी असताना अधिक जोरात पळते आणि ओझे दिले की बॅटरी पिऊन टाकते. म्हणून कंट्रोलरची कमाल मर्यादा मोटरीच्या मानाने खाली आणावी लागते. तसेच जुन्या मोटरींच्या ब्रशांवर रेडिओची खरखर थांबवण्यासाठी लावलेले कपॅसिटर असतात. चालू-बंद विजेच्या प्रत्येक ठोक्याला ते वेडावाकडा प्रवाह ओढतात; ते काढावे लागतात.

चौथा नियम मोटरीच्या अंतर्गत रोधाचा. येथेच आमच्या कथेचा मर्मबिंदू आहे, म्हणून थोडे आकडे देतो. समजा मोटरीचा रोध ०.१२ ओहम, कारागिरांच्या भाषेत १२० मिलिओहम आहे. सपाटीवर मोटर ८ अँपिअर घेते, तेव्हा सुमारे १ व्होल्ट आतल्या आत खर्च होतो, जाणवत नाही. चढावर तीच मोटर ४० अँपिअर घेते, तेव्हा ४.८ व्होल्ट आत मरतात. दांडी अर्धी असेल आणि मोटरीला १२ व्होल्ट मिळत असतील, तर वेगासाठी उरतात जेमतेम ७.२. खुर्ची उंबरठ्यावर दम टाकते. एक चाक रस्त्याच्या कडेच्या उतारावर आले तर तिकडे खेचली जाते. चांगला कंट्रोलर हा तोटा ओळखून तेवढे व्होल्ट वाढवून देतो. त्यासाठी मोटरीचा रोध किती, हा आकडा त्याला सांगावा लागतो. आकडा कमी सांगितला तर खुर्ची मरगळलेली, जास्त सांगितला तर भुतासारखी थरथरणारी.

हा रोध साध्या मीटरने मोजता येत नाही, मीटरच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. कारागीर काय करतो? मोटारगाडीचे हेडलाइटचे दोन दिवे समांतर जोडून, बारा व्होल्टच्या बॅटरीवर, मोटरीतून दहाएक अँपिअर सोडतो. आस घट्ट धरून ठेवतो. आणि मोटरीच्या टोकांवर किती व्होल्ट पडतात ते पाहतो. दहा अँपिअरला १.२ व्होल्ट, म्हणजे रोध ०.१२ ओहम. आस थोडा थोडा फिरवून चार-सहा वेळा मोजतो आणि सरासरी काढतो. ब्रशांच्या स्पर्शात जाणारे व्होल्टही त्यात मिसळलेले असतात, म्हणून निघालेल्या आकड्याहून थोडे खालूनच आरंभ करतो आणि खुर्ची चालवून पाहत पाहत वर चढतो.

शेवटचा नियम सोपा. पहिल्या वेळी खुर्ची ठोकळ्यांवर ठेवून, चाके अधांतरी असताना चालवून पाहावी. दोन मोटरी एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात. एकीच्या वायरी उलट झाल्या तर पुढे ढकललेली खुर्ची भिंगरी होते.

कुलूप

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. मोटरीचा आकडा मोजला. पण तो कंट्रोलरला सांगायचा कसा? बहुतेक कंट्रोलरांत तो थेट घालता येत नाही. त्यासाठी कंपनीचे वेगळे उपकरण किंवा संगणकावरील आज्ञावली लागते, आणि ती कंपनी आपल्या मान्यताप्राप्त विक्रेत्यांनाच देते. खुर्ची तुमची, मोटर तुमची, बॅटरी तुमची, बसणारा देहही तुमचा. पण १२० हा आकडा घालण्याचा हक्क तुमचा नाही. आकडा चुकीचा असेल तर विक्रेत्याची वेळ घ्या, तो येईल तेव्हा येईल. तोवर खाटेवर पडून राहा.

कंपन्यांचीही बाजू आहे आणि ती मांडणे आम्ही कर्तव्य समजतो. त्या म्हणतात, चुकीच्या आकड्याने खुर्ची उसळेल आणि माणूस ट्रकखाली जाईल. मग जबाबदार कोण? हा युक्तिवाद पोकळ नाही. ब्रेकला फसवणाऱ्यांचे उदाहरण आम्हीच आताच दिले. पण याला उपाय कुलूप हाच आहे काय? घरात विजेची जोडणी करणे याहून कमी धोक्याचे नाही. त्यासाठी आपण परीक्षा घेतो, वायरमनचे लायसन देतो, चूक करणाऱ्याचे लायसन काढून घेतो. विद्या लपवून ठेवीत नाही. सुरक्षिततेसाठी नियम हवेत, हे आम्हाला मान्य. नियमाच्या नावाने मक्ता नको. कारखान्यातही आम्ही हेच पाहिले आहे. ज्या यंत्राची किल्ली एकाच माणसाच्या खिशात असते, ते यंत्र बंद पडले की बाकीचे सगळे हात जोडून बसतात. आणि खिशाचा भाव वाढतो.

हा वाद अमेरिकेत अखेर कायदेमंडळात गेला. कोलोरॅडो राज्याने २०२२ साली विजेच्या चाकाच्या खुर्च्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. अमेरिकेतील त्या प्रकारचा तो पहिला. १ जानेवारी २०२३ पासून तो अमलात आला. सुटे भाग, आज्ञावली, उपकरणे आणि माहितीपत्रके कंपनीने खुर्चीच्या मालकाला आणि स्वतंत्र दुरुस्तीवाल्यालाही रास्त अटींवर दिली पाहिजेत, असा त्याचा आशय. बर्कलेच्या त्या दुरुस्तीच्या टेबलापासून या कायद्यापर्यंत पन्नास वर्षे लागली. पण टेबल आधी होते, कायदा नंतर आला, हा क्रम विसरता कामा नये.

आपल्याकडे

आपल्या महाराष्ट्रात या कामाची परंपरा लहान नाही. जखमी सैनिकांना हातचा धंदा शिकवणारी क्वीन मेरी तंत्रसंस्था १९१७ ची. ती पुढे खडकीला आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चे. मुंबईत हाजी अलीजवळची भौतिक वैद्यक आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ ची. कण्याला जखम झालेल्या जवानांसाठी खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ साली उघडले. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आपले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. अपंग माणूस दयेवर जगतो, ही समजूत पुसायला एवढे पुरे आहे.

तरीही खुर्चीच्या बाबतीत आपला हिशेब देणगीपाशी थांबतो. खुर्ची दिली, हार घातला, फोटो निघाला. वर्षाने तिचा कंट्रोलर गेला तर ती गोठ्याच्या कोपऱ्यात उलटी पडते आणि तिच्यावर कोंबड्या बसतात. देणगीच्या यादीत ती मात्र जिवंतच असते. दिलेल्या खुर्च्या मोजण्याबरोबर चालू असलेल्या खुर्च्याही मोजल्या तर चित्र पालटेल. आमच्या गावोगावी आर्मेचर गुंडाळणारे वाइंडर आहेत, फिटर आहेत, आय.टी.आय.तून दरवर्षी शेकडो मुले बाहेर पडतात. रोध कसा मोजावा, ब्रेक कसा तपासावा, प्रवाहाची मर्यादा कोठे ठेवावी, हे त्यांना शिकवायला आठ दिवस पुरतात. नगरपालिकेने एक खोली, एक टेबल आणि दोन शिकाऊ कारागीर दिले तरी कितीतरी माणसे कोपऱ्यातून उठून रस्त्यावर येतील. आणि सरकारने खुर्च्या खरेदी करताना करारात एक ओळ घालावी: कंट्रोलरची आज्ञावली आणि उपकरण खरेदीबरोबरच मिळाले पाहिजे. पैसे देणारा ग्राहक म्हणून ही अट घालण्याचे बळ सरकारजवळ आहे, एकट्यादुकट्या अपंग माणसाजवळ नाही.

कामगार चळवळीने शंभर वर्षे एक गोष्ट मागितली: ज्याच्या हाताने यंत्र चालते, त्याचा त्या यंत्रावर काही शब्द असावा. चाकाच्या खुर्चीत ती मागणी फार जवळ येते. तेथे यंत्र हाताशीच नव्हे, देहाशी जोडलेले आहे. गिरणीतला माग बंद पडला तर मजुरी बुडते. खुर्ची बंद पडली तर माणूस संडासाला जाऊ शकत नाही, मुलीच्या शाळेत जाऊ शकत नाही, मतदानाला जाऊ शकत नाही. म्हणून आमचे म्हणणे इतकेच, की ज्याचे पाय ती खुर्ची आहे, त्याच्या हातात तिची किल्ली असावी. आणि किल्ली कशी फिरवावी हे त्याला, किंवा त्याच्या गल्लीतल्या कारागिराला, शिकवण्याची जबाबदारी आपण सर्वांनी घ्यावी.